ताटाचे शास्त्र : महिला विद्यापीठातील आहारशिक्षणाची वाटचाल आणि आपला तासगाव तालुका

संस्थेचा इतिहास म्हटला की पायाभरणीची तारीख, देणगीदारांची नावे आणि वाढत गेलेला पट एवढे सांगून बहुतेक लेख संपतात. या लेखातही तारखा आणि नावे येतील. पण सांगायचे आहे ते एका विषयाबद्दल. पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र हे विषय महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात आले ते स्त्रीशिक्षणाच्या चळवळीबरोबर, आणि त्या चळवळीचे आपल्याकडचे सर्वांत मोठे ठाणे म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, आपले नेहमीचे एसएनडीटी. बारावीनंतर ‘न्यूट्रिशनला जायचे आहे’ असे सांगणाऱ्या मुली आता तासगाव, सावळज, मणेराजुरीतही भेटतात. ज्या वाटेने त्या निघाल्या आहेत ती वाट कोणी घातली आणि तिचे कोणते काम अर्धे राहिले, हे त्यांना आणि त्यांच्या पालकांना कळावे म्हणून हा आढावा.

हिंगण्याच्या माळावर

महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर नेला. विधवा स्त्रियांना निवारा, मग शाळा, असे काम वाढत असतानाच त्यांच्या हाती तोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी ती पाठवली होती. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात भाषा-साहित्याच्या बरोबरीने गृहविज्ञानाचाही स्वतंत्र विभाग होता. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले. अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना त्यांनी बाजूला ठेवलेली ती पुस्तिका पुन्हा वाचली आणि भारतात महिला विद्यापीठ काढण्याची कल्पना परिषदेसमोर मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरू झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे पहिले कुलपती झाले. पहिल्या वर्गातल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, पण कर्व्यांनी त्याची फिकीर केली नाही.

या विद्यापीठाची दोन तत्त्वे पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. एक, शिक्षण मातृभाषेतून द्यायचे आणि इंग्रजी एक विषय म्हणून शिकवायची. दोन, स्त्रियांच्या रोजच्या आयुष्याशी जोडलेले विषय, म्हणजे गृहव्यवस्था, आरोग्य आणि बालमानसशास्त्र, पदवीच्या अभ्यासक्रमात आणायचे. दुसऱ्या तत्त्वावर तेव्हाही टीका झाली. स्वयंपाक आणि मुले सांभाळणे शिकायला विद्यापीठ कशाला हवे, असे काही जण म्हणाले. मुलींना पुन्हा चुलीकडेच ढकलले जाते आहे, असे काही सुधारकांना वाटले. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते, आणि आहारशास्त्राचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन आक्षेपांना दिलेले उत्तर आहे.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाच्या नावात नाथीबाईंचे नाव आले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. तोपर्यंतच्या तीस-बत्तीस वर्षांत येथून बाहेर पडलेल्या मुलींनी सरकारमान्य पदवीचा आधार नसताना शिक्षण घेतले होते. त्यांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत, पण गृहविज्ञान पदवीपर्यंत शिकता येते हे त्यांनी सिद्ध केले. लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी पुढे या विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले.

तेव्हाचा सातारा जिल्हा

१९१६ मध्ये आपला तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. या भागात शिक्षणाचा आणि अन्नाचा प्रश्न सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवायची, तर आधी त्या पंगतीला वाढायला हवे. ते काम लक्ष्मीबाई पाटील यांनी केले. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लक्ष्मीबाईंनी आहारशास्त्राचा धडा गिरवला नव्हता. पण शिकणाऱ्या मुलाचे पोट भरलेले असले पाहिजे, हे विद्यापीठांनी आकड्यांत मांडण्याच्या कितीतरी आधी त्यांना उमगले होते.

१९१९ मध्येच सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय निघाले. तासगावपासून हाकेच्या अंतरावरच्या किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि घर, आरोग्य, शिक्षण या विषयांवरचे लेखन मराठी घरांत पोहोचू लागले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून उभे होते. शिक्षण, वाचन आणि औषधोपचार यांची सोय अशी आपल्या पंचक्रोशीत हळूहळू होत गेली. आहाराचे शास्त्र मात्र अजून दूर होते. ते घडत होते दक्षिणेत, निलगिरीच्या डोंगरात.

कुन्नूरची प्रयोगशाळा आणि मराठी ताट

१९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा अभ्यास सुरू केला. ती खोली वाढत वाढत पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली, १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आज आपल्याकडे आहारशास्त्राची कोणतीही विद्यार्थिनी ज्या तक्त्यांवरून हिशेब करते, ते तक्ते याच संस्थेचे.

मॅककॅरिसन यांचा एक प्रयोग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांत लोक जसे जेवतात तसा आहार त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना दिला आणि ठरावीक काळाने त्यांची वजने केली. शीख आहारावरच्या गटाचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, पठाणी आहारावर २३०, मराठा आहारावर २२५ आणि सर्वांत खाली मद्रासी आहारावर १५५ ग्रॅम. फरक जातीचा किंवा हवामानाचा नव्हता, ताटाचा होता. वरच्या गटांना अख्खे धान्य, दूध, डाळ आणि भाजीपाला मिळत होता. खालच्या गटाचा मुख्य आधार सडीक तांदूळ होता आणि दूध नावापुरते होते. आपली भाकरी, डाळ आणि ताक यांना शास्त्राने दिलेले हे पहिले प्रशस्तिपत्र म्हणायला हरकत नाही. पण त्या प्रयोगातले ‘मराठा ताट’ ज्यांच्या घरी दूधदुभते होते त्यांचे होते, हेही विसरता कामा नये.

मॅककॅरिसन यांच्यानंतर वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. त्यांच्यामागून डॉ. विनायक नारायण पटवर्धन हे मराठी शास्त्रज्ञ या प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९७१ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी पोषणमूल्यांचे तक्ते नव्याने मांडले. वर्गात आजही ‘गोपालनचं पुस्तक’ असाच त्यांचा उल्लेख होतो. २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते आले.

कमला सोहोनी

आहारशिक्षणाच्या मराठी इतिहासात एक नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवे, ते डॉ. कमला सोहोनी यांचे. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल व्हायला गेल्या. मुली संशोधन करू शकत नाहीत, असे म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तो नकार मानला नाही. अखेर एक वर्ष काम पाहून मग प्रवेश कायम करू, या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्या वर्षात त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. केंब्रिज विद्यापीठातून १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते हा त्यांचा शोध होता आणि प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा. विज्ञान विषयात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहण्याची संधी असताना त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. लग्नानंतर मुंबईत विज्ञान संस्थेत त्या जीवरसायन शिकवू लागल्या. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, ताडगूळ, कडधान्ये या गरिबाच्या घरी मिळणाऱ्या पदार्थांचे पृथक्करण केले. कुपोषित आदिवासी मुलांना नीरा दिल्यास किती फरक पडतो, हे मोजून दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे ग्राहक चळवळीत शिरून त्यांनी भेसळीविरुद्ध लिहिले, आणि सामान्य वाचकासाठी मराठीत ‘आहारगाथा’ हे पुस्तक लिहिले.

कमलाबाई गृहविज्ञानाच्या नव्हत्या, रसायनशास्त्राच्या होत्या. तरीही महिला विद्यापीठाच्या तत्त्वांना त्यांच्याइतका भक्कम आधार क्वचितच कोणी दिला असेल. ‘चुलीचा विषय’ म्हणून ज्याला नाक मुरडले गेले, त्या विषयाच्या मुळाशी जीवरसायन आहे हे त्यांनी दाखवले. आणि केंब्रिजमध्ये शिकलेले ज्ञान घरच्या बाईला तिच्या भाषेत सांगणे हे कमी प्रतीचे काम नाही, हेही त्यांनी स्वतः लिहून दाखवले.

गृहविज्ञानाची महाविद्यालये

स्वातंत्र्याच्या आगेमागे हा विषय देशभर पसरला. दिल्लीचे लेडी अर्विन महाविद्यालय १९३२ चे. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता कुलगुरू असताना पुढच्याच वर्षी तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. मुंबईत निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले. एसएनडीटीने जुहूच्या आवारात आणि पुण्यात कर्वे रस्त्यावर गृहविज्ञानाची महाविद्यालये उभी केली. मराठवाड्यात १९७६ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान महाविद्यालय आले. शेती आणि आहार यांचे नाते तेथे एकाच आवारात शिकवले जाऊ लागले.

हळूहळू गृहविज्ञानाच्या एका पदवीतून स्वतंत्र शाखा फुटल्या. पोषण आणि आहारशास्त्र ही त्यांतली सर्वांत बहरलेली. पदवी, मग आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविका किंवा एम. एस्सी., मग रुग्णालयात इंटर्नशिप असा क्रम रूढ झाला. १९६३ मध्ये इंडियन डाएटेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या परीक्षेतून ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही ओळख मिळू लागली. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतील सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात पोषण व्यावसायिकांचा समावेश केला. ज्याला विद्यापीठ कशाला हवे असे एकेकाळी विचारले गेले, त्या विषयाला वैद्यकीय पथकात कायद्याने जागा मिळाली. १९१६ च्या टीकाकारांना हे पुरेसे उत्तर आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर सांगली-साताऱ्याच्या मुलामुलींना पदवीसाठी दूरच्या विद्यापीठावर अवलंबून राहायचे कारण उरले नाही. त्याच सुमारास मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आहारशास्त्राची विद्यार्थिनी आणि रुग्णालय यांच्यातले अंतर त्यामुळे बरेच कमी झाले. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अन्न-पोषणाचे प्रमाणपत्र आणि पदविका हा आणखी एक मार्ग झाला.

दुष्काळाने शिकवलेला धडा

आपल्या तालुक्याला मात्र पोषणाचा धडा विद्यापीठाच्या आधी दुष्काळाने दिला. येरळा नदीच्या काठचा पट्टा सोडला तर सावळज-मणेराजुरीकडचा भाग कोरडवाहू. याच तालुक्यातील विसापूरमध्ये १९६० च्या दशकात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ‘मागेल त्याला काम’ या योजनेचा पहिला प्रयोग झाला. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांचा विचार साधा होता. हाताला काम मिळाले तर घरात धान्य येते, आणि धान्य येते तेव्हाच ताटाच्या गुणवत्तेबद्दल बोलता येते. १९७२ च्या दुष्काळात हीच कल्पना राज्यभर लागू झाली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये देशाने तो उचलला.

त्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी आजच्या आजी-आजोबांना अजून आठवते. सुकडीला आहारशास्त्राच्या भाषेत पूरक आहार म्हणतात. भाजलेले पीठ आणि गूळ मिळून थोड्या घासांत जास्त उष्मांक पोटात जावेत, ही त्यामागची योजना. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, राष्ट्रीय पोषण संस्थेने पोषण-पाहणीची कायम यंत्रणा उभी केली आणि महाराष्ट्रातल्या खेड्यांत घरोघर ‘काल काय खाल्ले’ याची नोंद होऊ लागली. माणसे उपाशी राहू नयेत आणि ती काय खातात हे नीट मोजले जावे, ही दोन्ही कामे एकाच काळात पुढे सरकली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. ‘अंगणवाडी’ची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आलेली. या योजनेने आहारशास्त्राच्या पदवीधरांना रुग्णालयाबाहेर पहिले मोठे कार्यक्षेत्र दिले. सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, हे योजनेचे निकष होते. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलासाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम, उच्च प्राथमिकसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम ठरले होते. खिचडीच्या पातेल्यात किती डाळ पडते, हे ठरवणारे आकडे प्रयोगशाळेतून असे आपल्या गावच्या शाळेपर्यंत आले.

प्रत्यक्षात काय शिकवतात

आहारशास्त्र म्हणजे ‘डाएट चार्ट लिहून देणे’ असा समज असेल तर तो आधी दूर करावा. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, अन्नरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र असते. मग आयुष्याच्या वेगवेगळ्या अवस्थांतील आहार, रोगांवरील पथ्य, सामुदायिक पोषण, आणि शंभर-दोनशे माणसांच्या स्वयंपाकाचे नियोजन. रुग्णालयात गेल्यावर लिक्विड डाएट, सॉफ्ट डाएट, नळीवाटे द्यायचा आहार, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पोटॅशियम, मधुमेह्याचे इन्सुलिन आणि भाकरी यांचा मेळ, हे सगळे रोजचे होते.

पण या विषयाचा कस लागतो तो ‘चोवीस तासांच्या आहाराची आठवण’ या साध्या दिसणाऱ्या प्रात्यक्षिकात. विद्यार्थिनी ठरावीक मापाच्या वाट्या, पळ्या आणि चमचे घेऊन घरी जाते आणि काल सकाळपासून काय खाल्ले ते विचारते. आपल्या भागात संवाद साधारण असा सुरू होतो :

“मावशी, काल उठल्यापासून काय काय खाल्लं?”

“काय खाणार बाळ, भाकरी अन्‌ कोरड्यास.”

येथून खरे काम सुरू होते. भाकरी ज्वारीची की बाजरीची? केवढी? एका वेळी किती पीठ मळले आणि किती भाकऱ्या झाल्या? कोरड्यास कशाचे? डाळ किती घातली आणि ते किती जणांत पुरवले? दाखवलेल्या वाट्यांपैकी तुमची वाटी कोणती? खर्डा होता का, शेंगदाण्याची चटणी होती का, चहा किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर? सणवार होता का, उपास होता का? सगळ्यांचे झाल्यावर तुम्ही जेवलात तेव्हा पातेल्यात काय उरले होते? या शेवटच्या प्रश्नाला बायका बऱ्याचदा हसून उत्तर देतात, आणि त्या उत्तरातच घराचे पोषण कळते.

मग हिशेब. पन्नास ग्रॅम पिठाच्या तीन ज्वारीच्या भाकऱ्या म्हणजे दीडशे ग्रॅम ज्वारी. गोपालन यांच्या तक्त्याप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत १०.४ ग्रॅम प्रथिने आणि ४.१ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे तीन भाकऱ्यांतून साडेपंधरा ग्रॅम प्रथिने आणि सहा मिलिग्रॅम लोह. प्रौढ स्त्रीसाठी शिफारस आहे रोज २९ मिलिग्रॅम लोहाची. उरलेले कोठून येणार? ज्वारीऐवजी बाजरी घेतली तर शंभर ग्रॅमला आठ मिलिग्रॅम मिळते. पालेभाजी, कडधान्य, हुलग्याचे माडगे यांतून आणखी थोडे. जेवणात लिंबू पिळले तर धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणाला लागून चहा घेतला तर अडथळा येतो. हे सांगायला महागडी पावडर लागत नाही, ताट ओळखणारी माणसे लागतात.

द्राक्षांच्या तालुक्यातली बाई

गेल्या काही दशकांत तासगावचे रूप पालटले. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेले ‘तास-ए-गणेश’ द्राक्ष देशभर पोहोचले. बेदाण्याचे सौदे हा येथला मोठा व्यवहार झाला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, मग शेडमधल्या जाळ्यांवर वाळणारी द्राक्षे आणि बेदाण्याची निवड, या साखळीतला मोठा भाग बायकांच्या हातून होतो. शंभर ग्रॅम बेदाण्यात सुमारे ३०८ किलोकॅलरी आणि ७.७ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे तीस ग्रॅमची एक मूठ सव्वादोन मिलिग्रॅम लोह देते. २९ च्या मानाने ते थोडेच आहे. त्यामुळे बेदाणा हे औषध नव्हे. तरीही दिवसभर बेदाणा निवडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या ताटात तो किती येतो, हा प्रश्न आपल्या तालुक्याने स्वतःला विचारायला हवा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हे प्रगत म्हणवल्या जाणाऱ्या राज्याचे आकडे आहेत. विषय शिकवणारी महाविद्यालये वाढली, आहारतज्ज्ञांचे दवाखाने शहरांत गल्लोगल्ली निघाले, तरी हे आकडे खाली येत नाहीत. याचे एक मोठे कारण असे की या विषयाचे शिक्षण आणि त्याची सर्वांत जास्त गरज असलेली माणसे एकमेकांना फार कमी भेटतात.

अर्धे राहिलेले काम

कर्व्यांच्या दोन तत्त्वांकडे पुन्हा पाहिले की हे का घडले ते दिसते. गृहविज्ञान विद्यापीठात आणायचे, हे तत्त्व पूर्ण यशस्वी झाले. त्याचे शास्त्र झाले, व्यवसाय झाला, त्यासाठी कायदा झाला. मातृभाषेचे तत्त्व मात्र या विषयात वाटेत सुटले. आज आहारशास्त्राची पाठ्यपुस्तके, तक्ते, प्रश्नपत्रिका आणि रुग्णालयातील नोंदी बहुतेक इंग्रजीत असतात. खेड्यातल्या शाळेत मराठीतून शिकलेली मुलगी जीवरसायनाच्या पहिल्याच प्रकरणात अडखळते आणि हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे समजते. खरे तर चोवीस तासांच्या आहाराची आठवण तिच्याइतकी नीट कोणालाच घेता येणार नाही. हुलगे कधी भिजवतात, आंबील कोणत्या महिन्यात पितात, बागेत जाणारी बाई डब्यात काय नेते आणि पहिला घास किती वाजता घेते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. शास्त्राला हवी असलेली माहिती तिच्याजवळ आहे, आणि तिला हवे असलेले शास्त्र परक्या भाषेत बंद आहे.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने तालुक्यातील संस्था, पालक आणि लोकप्रतिनिधी यांच्यापुढे काही ठोस गोष्टी मांडाव्याशा वाटतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलींना आहारशास्त्राच्या प्रवेशाची माहिती निकालाआधी मिळावी आणि पुण्या-मुंबईला जाणाऱ्या गरजू मुलींसाठी शिष्यवृत्तीची सोय व्हावी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनींसाठी पहिल्या सत्रात जीवरसायन आणि शरीरक्रियाशास्त्र यांचे मराठीतून पूरक वर्ग घ्यावेत. हे काम निवृत्त विज्ञानशिक्षक सहज करू शकतील. ज्वारी, बाजरी, हुलगे, शेंगदाणे, शेवगा, बेदाणा या आपल्या भागातील अन्नाची पोषणमूल्ये मराठीत सुटसुटीतपणे छापून प्रत्येक अंगणवाडीत आणि शाळेच्या स्वयंपाकघरात लावावीत. वसतिगृहांचा आठवड्याचा बेत वर्षातून एकदा तरी आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. आणि शिकून परतणाऱ्या मुलींना आपल्या ग्रामीण रुग्णालयांत, बेदाणा शेडवर, शाळांत काम मिळेल अशी मागणी सर्वांनी मिळून लावून धरावी.

विसापूरने ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना आधी करून पाहिली आणि पुढे ती राज्याने, मग देशाने स्वीकारली. आहारशिक्षण मराठीतून आणि गावाच्या गरजेप्रमाणे देण्याचा प्रयोगही याच तालुक्यात सुरू होऊ शकतो. त्यासाठी लागणारे शास्त्र कुन्नूर, हैदराबाद, मुंबई आणि बडोद्यातील शंभर वर्षांच्या कष्टांतून तयार आहे. तो प्रयोग अंगावर घेण्याची तयारी मात्र आपल्यालाच दाखवावी लागेल.